तशाच हिरव्या

गीतांजलीचा डावा हात भरून झाला. उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेताना चुडीवाली अम्मा सहज बोलून गेली, "ये हाथ तो मेरा पहचाना हुआ है, बिटिया. स्कूल में थीं तुम, आजी लेके आई थीं, महालक्ष्मी के दूसरे दिन. बोलीं, जैसी टूटी हैं वैसी ही पहना दो, किसी को फरक न दिखे." एवढं बोलून तिनं साबणाच्या पाण्यात बोटं बुडवली आणि गीतांजलीच्या अंगठ्याचं मूळ चोळायला घेतलं.  गीतांजलीची आई वसुधा शेजारीच बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर अम्माला द्यायचं ब्लाउजपीस, सुपारी आणि हळदकुंकवाची पुडी होती. बाहेर जबलपूरच्या बडा फुहाऱ्याच्या चौकात दुपारची गर्दी चालली होती, ई-रिक्षावाले ओरडत होते, समोरच्या साड्यांच्या दुकानातला माणूस गिऱ्हाइकापुढे एकामागून एक साड्या उलगडत होता. सगळं होतं तसंच चाललं होतं, आणि वसुधाला मात्र वाटलं की आपण बसलोय तो बाक एकाएकी उंच झाला आहे, आपले पाय जमिनीला टेकत नाहीत. बारा वर्षांची असताना ती याच बाकावर बसली होती, तेव्हा पाय खरंच टेकत नव्हते.

लग्न रविवारचं होतं. वसुधा नवरीची आई, पण लग्नघरात तिला राहायला बोलावलेलं नव्हतं. नर्मदेवरच्या ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली घेऊन ती एकटी राहते, एका डबेवालीकडे पोळ्या लाटते, आणि रोज सकाळी सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन नर्ससमोर एक गोळी जिभेखाली विरघळवून येते. सुई सुटून दीड वर्ष होत आलं. नातेवाइकांत तरी तिची ओळख अजून 'ती सुईवाली' अशीच आहे, आणि त्यात खोटं काय, असं तिचं तिलाच वाटतं. मघाशी अम्मानं आधी नवरीच्या आईचा हात भरायला घेतला होता, तर बांगडी बोटांच्या पेरांपाशीच अडली. सुयांनी वसुधाचे दोन्ही पंजे कायमचे सुजलेत, कणकेच्या गोळ्यासारखे. अम्मानं साबण लावला, तेल लावलं, प्लास्टिकची पिशवी चढवून पाहिली, आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "रहने दो, पेंचवाला कंगन ले लेना, जो खुल जाता है." वसुधानं हात पदराखाली घेतले. तिला लाज वाटली, पण लाजेची तिला सवय होती. आईनं, अनसूयाबाईंनी, फोनवर सगळं आधीच आखून दिलं होतं: "रविवारी ये, जेव, मागच्या ओळीत बस. कन्यादान भय्यासाहेब करून राहिले. तू मधी काही बोलू नको, वसू." वसुधा बोलली नव्हती. गीतांजलीनं मात्र एकच हट्ट धरला होता, की बांगड्या मी आईसोबतच भरीन. त्या हट्टापायी वसुधाला आजची दुपार मिळाली होती. केंद्रातल्या नर्सलासुद्धा तिनं सांगून ठेवलं होतं, की गुरुवारी मी पोरीच्या बांगड्या भरायला जाणार आहे.

भय्यासाहेब म्हणजे वसुधाच्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. जबलपूरच्या मराठी मंडळात त्यांच्या शब्दाला वजन, गणपतीची आरती त्यांच्याशिवाय सुरू होत नाही, आणि वडील गेल्यावर अनसूयाबाई दोन खोल्या घेऊन ज्या घरात राहिल्या ते घर त्यांचं. भाडं त्यांनी कधी मागितलं नाही. गीतांजलीच्या कॉलेजची फीसुद्धा त्यांनी भरली. अशा माणसानं पोरीचा हात नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचा, यात कोणाला काय खटकणार? वसुधानं ते ऐकलं तेव्हा फोन कानाला तसाच धरून ती कणीक मळत राहिली आणि म्हणाली, बरं. बरं म्हणता आलं, कारण इतकी वर्षं ती एका समजुतीवर जगली होती. जे झालं ते एकदाच झालं, एकाच पोरीच्या वाट्याला आलं, आणि ते आपल्यापाशी येऊन संपलं. तेवढा एक हिशेब तिच्या आयुष्यात पुरा झालेला होता. नवरा सोडून गेला, जेल झाली, दात पडले, तरी ती मनाशी म्हणायची, जाऊ दे, आपलं आपल्यापुरतं. अम्माच्या साबणाच्या पाण्यात ती समजूत आत्ता विरघळून चालली होती. अम्माला त्याचा पत्ताही नव्हता, ती आपली गुणगुणत अंगठा चोळत होती.

वसुधा बारा वर्षांची होती तेव्हासुद्धा महालक्ष्म्याच होत्या. खालच्या मोठ्या खोलीत महालक्ष्म्या बसलेल्या, आंबिलीचा आणि केवड्याचा वास घरभर, पुरणाच्या जेवणानं जडावलेली माणसं जिथे जागा मिळेल तिथे आडवी झालेली. वसुधाच्या दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्या वाजाव्यात म्हणून ती सकाळपासून उगाच हात हलवत होती. आईनंच सांगितलं, वर भय्यासाहेब पडलेत, त्यांना विडा नेऊन दे. जिना तिला अजून आठवतो, तिसरी पायरी हलायची. खोलीतल्या अंधाराची तिला सवय व्हायच्या आत कडी लागल्याचा आवाज आला, आणि मग मनगट. त्या दुपारचं पुढचं सगळं तिच्या आठवणीतून पुसलं गेलं आहे की तिनंच पुसलं, हे तिला सांगता येणार नाही; पण मनगट राहिलं. मोठ्या माणसाची पाच बोटं, त्यांच्याखाली एकेक करून फुटणाऱ्या बांगड्या, आणि तो आवाज. फुटताना बांगडी अगदी लहानसा आवाज करते, कुणाला ऐकू जावा एवढा नाही. खाली आली तेव्हा मनगटावर रक्ताच्या बारीक रेघा होत्या. आईनं त्या पाहिल्या. तिनं काही विचारलं नाही, वर जाऊन केरसुणीनं काचा भरल्या, पदराच्या टोकात बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी वसुधाला घेऊन इथं आली. तेव्हा या अम्माची सासू दुकानात बसायची आणि अम्मा नवी नवरी होती. आईनं पदराची गाठ सोडून हिरवा तुकडा दाखवला, तशाच द्या म्हणाली. खोबरेल तेलाचा हात मनगटावरून फिरला तेव्हा जखमा चुरचुरल्या. परतताना आईनं तिला कुल्फी घेऊन दिली आणि रस्त्यात म्हणाली, "बांगड्या वाढवल्या की असंच करतात, नव्या भरतात. कोणाला सांगू नये." आई तेव्हा रडत होती का, हे वसुधानं नंतर शेकडो वेळा आठवून पाहिलं. कधी तिला आई रडताना दिसते, कधी नाही.

त्यानंतर ते मनगट तिचं राहिलं नाही. वर्गात बाईंनी हात धरून फळ्याशी नेलं तर तिला ओकारी यायची. धनेशशी लग्न झालं तेव्हा तो प्रेमानं हात धरायचा, आणि ती अंग चोरायची, आणि हळूहळू तो प्रेमानं धरायचा बंद झाला आणि रागानं धरायला लागला. यात धनेशचीच सगळी चूक, असं तिला म्हणता येत नाही. गीतांजलीनंतरचं दुसरं मूल पोटातच गेलं, पोट फाडावं लागलं, आणि त्या दवाखान्यात एका नर्सनं दुखणं थांबवायची सुई तिच्या उजव्या हाताच्या शिरेत दिली. वसुधाला तो क्षण घरातल्या कोणत्याही सणापेक्षा स्वच्छ आठवतो. औषध दंडाकडे सरकत गेलं आणि मनगटावरची पाच बोटं उठली. एकेक करून नाही, सगळी एकदम. खोली तीच, खाटही तीच, पण वसुधा पहिल्यांदा आपल्या अंगात एकटी होती, आणि ती आनंदानं रडली. लोक म्हणतात, नशा. तिला नशा वगैरे काही हवी नव्हती. तिला फक्त तो हात उठायला हवा होता. घरी आल्यावर दवाखान्यातला एक कंपाउंडर चोरून सुया आणून द्यायला लागला, तो बदलून गेल्यावर तिनं शर्मिलाला गाठलं.

शर्मिलाची ग्वारीघाटावर फुलांची टोपली असायची. वर झेंडू, दिवे सोडायचे पानांचे दोणे, वाती, आणि खाली ओल्या फडक्यात काचेच्या बारक्या बाटल्या. ती वसुधाहून लहान होती, गळ्यापासून छातीपर्यंत जळालेली, आणि ते कुणी जाळलं हे ती हसत सांगायची, "सौतेला बाप था, दीदी, और कौन." वसुधाकडचे दागिने संपले तेव्हा शर्मिलानंच तिला काम दिलं. नागपूरकडून येणाऱ्या गाडीतला माल तिलवाऱ्याच्या पुलाशी उतरायचा, तो घाटापर्यंत आणायचा. नऊवारी नाही तरी नीट नेसलेली साडी, कपाळाला कुंकू, हातात ओटीचं सामान, अशा मराठी बाईची पिशवी कोणता पोलीस तपासणार? खण, नारळ, तांदूळ, आणि तांदळाखाली बाटल्या. नर्मदामाईची ओटी भरायला चालली आहे असं ती रिक्षावाल्यांना सांगायची आणि ते तिच्याकडून पैसे घ्यायला संकोचायचे. वसुधाला याची शरम वाटत नव्हती असं नाही, पण शरम रात्रीची यायची, आणि सकाळी मनगट परत यायचं. माल पाठवणारे पुरुष होते, पैसे मोजून नेणारे पुरुष होते. घाटावर बसणाऱ्या, आणणाऱ्या, पकडल्या जाणाऱ्या बाया होत्या. आणि घ्यायला येणाऱ्या बाया वेगळ्याच. त्या शिकवण्या घेणाऱ्या असत, धुणीभांडी करणाऱ्या असत, एक तर कुठल्या तरी बँकेत कामाला होती. दिवा सोडायच्या निमित्तानं येत आणि दोणा हातात घेताना बाटली मुठीत घेत. वसुधा त्यांचे हात बघायची. त्यांतली कुणी मजेसाठी आली आहे असं तिला एकदाही वाटलं नाही. कोणाच्या अंगावर कुणाचा हात होता ते ती विचारत नसे, त्याही तिला विचारत नसत, आणि त्या न विचारण्यात तिला माहेरच्यापेक्षा जास्त माया वाटायची.

पकडली गेली तेव्हा गीतांजली सहावीत होती. धनेश त्याआधीच निघून गेला होता. पोलीस ठाण्यात बसून वसुधानं स्वतःच आईला फोन केला आणि म्हणाली, गीतूला घेऊन जा. घेऊन जा. तिनं स्वतः सांगितलं होतं. दुसरं कोण होतं? तुरुंगात सुई नव्हती, तिथं पहिले दिवस तिनं भिंतीला डोकं आपटून काढले, आणि जरा सावरल्यावर ती रोज देवाला हात जोडायची, की पोर निदान आईजवळ आहे, पोटभर जेवते, शाळेत जाते. त्या साली महालक्ष्म्या झाल्यावर आई तिला भेटायला आली, पुरणाच्या पोळ्या घेऊन. गीतांजली बरोबर होती. जाळीपलीकडून वसुधानं बोटं पुढे केली, पोरीनं डावा हात पुढे केला. उजव्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या आणि तो तिनं येता येताच पाठीमागे नेला होता. वसुधा म्हणाली होती, अगो बाई, किती छान बांगड्या! असं म्हणाली होती ती. आई जमिनीकडे बघत होती. पुढे वसुधा सुटली, पुन्हा घाटावर गेली, पुन्हा सुईवर आली, पुन्हा पडली. त्या सगळ्या वर्षांत गीतांजली उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचे कुर्ते घालायची आणि उजव्या मनगटाला घड्याळाचा रुंद पट्टा घट्ट आवळून बांधायची. वसुधाला वाटलं, आजकालची फॅशन असेल. आपल्यासारखं मनगट ज्या बाईला शंभर हातांतून ओळखता आलं असतं, तिला पोटच्या पोरीचं ओळखता आलं नाही. ती त्या वेळी ज्या गुंगीत होती, त्या गुंगीत तिला फक्त स्वतःचा हात सुटलेला हवा होता.

आता तोच हात अम्माच्या मांडीवर होता. अम्मानं पहिली बांगडी बोटांवरून सरकवली, ती अंगठ्याच्या मुळाशी अडली. "हाथ ढीला छोड़ो, बिटिया. ये वाला इतना कड़ा क्यों कर रखा है?" गीतांजलीनं डोळे मिटले होते. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि नाकपुड्यांतून ती मोजून मोजून श्वास घेत होती. तो श्वास वसुधाला तोंडपाठ होता. आणि त्याच क्षणी तिच्या सबंध अंगानं एकच गोष्ट मागितली. दुकानाची पायरी उतरायची, रिक्षा करायची, ग्वारीघाट. शर्मिला आता नाही, पण टोपली आहे, टोपलीमागे दुसरी कुणी बसली आहे, आणि वसुधाचा चेहरा पाहून तिला काही विचारावं लागणार नाही. जिभेला सकाळच्या गोळीची कडू चव अजून होती आणि ती कुठल्या कुठे कमी पडत होती. घाटापर्यंत जायचं, एक शीर शोधायची, मग हे काहीच ऐकलं नाही असं होईल. रविवारी मागच्या ओळीत बसता येईल. अंतरपाट दूर होईल, भय्यासाहेब पोरीचा उजवा हात धरतील, धरून नवऱ्या मुलाच्या हातात देतील, सगळे अक्षता टाकतील, आणि आपणही टाकू. ती अर्धवट उठलीसुद्धा. मांडीवरची सुपारी घरंगळून बाकाखाली गेली.

"आई?" गीतांजलीनं डोळे उघडले. "कुठं चालली?"

तिच्या आवाजात जे होतं त्यानं वसुधा खाली बसली. पोर घाबरली होती, पण स्वतःसाठी नाही.

"गीतू," वसुधा म्हणाली, "त्या वर्षीच्या बांगड्या कशानं फुटल्या होत्या?"

"कुठल्या?"

"अम्मा सांगून राहिली त्या."

"खेळताना. जाऊ दे ना, आई. इतकी पुरानी बात."

"वरच्या खोलीत?"

गीतांजलीनं हात ओढून घेतला. अडकलेली बांगडी निसटून बाकावर पडली, फुटली नाही. अम्मा एकीकडून दुसरीकडे बघत होती. तिला मराठी समजत नव्हतं असं नाही, तिची अर्धी गिऱ्हाइकं मराठी होती, पण तिनं बांगड्यांचा दुसरा जोड पुसायला घेतला आणि मान वर केली नाही. वसुधानं ते नाव आयुष्यात तोंडानं उच्चारलेलं नव्हतं, नुसतं, त्याच्याआधी नमस्कार न लावता.  मग तिनं ते बाहेर काढलं.

"भय्यासाहेब?"

गीतांजली हो म्हणाली नाही. तिनं आपला उघडा उजवा हात डाव्या हातानं धरला, मनगटापाशी, आणि डाव्या हातातला नवा चुडा खळखळ वाजला.  मग म्हणाली, "तुला कसं माहीत?"

वसुधानं पदराखालून आपला सुजलेला हात काढला आणि तिच्यासमोर धरला.  गीतांजलीनं त्या हाताकडे पाहिलं, काळ्या पडलेल्या शिरांकडे पाहिलं, आणि तिला समजायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा आधी सरळ राहिला आणि मग हनुवटीपासून मोडत गेला.

"काहून नाही सांगितलं मला?" वसुधा म्हणाली. "जेलमधी आली होती तू. त्यानंतर किती बार भेटलो आपण. एकदा तरी."

"आजीनं मना केलं होतं."

"लोकांची भीती?"

"नाही." गीतांजली मान हलवत होती, रडत होती आणि मान हलवत होती. "आजी म्हणाली, तुझ्या आईला सांगू नको. तिला समजलं तर ती परत सुई घेऊन राहील आणि मरून जाईल. म्हणून मी... मग तू सुटली आणि तरी घ्यायला लागली, तर मला वाटलं, मी न सांगता पण तू घेऊन राहिली, सांगितलं असतं तर काय झालं असतं. आणि आता तू सोडली आहेस ना. दीड साल. मी काहून सांगू, आई? रविवारी पाच मिनिट हात द्यायचा आहे फक्त. मी देईन ना. मी सोचलं होतं, डोळे बंद करून देईन."

वसुधाला रडू येईना.  तिला आईचा राग यायला हवा होता. आला, पण त्याच्यामागे पदराच्या गाठीत काचा बांधून उन्हात चालणारी एक घाबरलेली विधवा बाई दिसली, जिच्या डोक्यावरचं छप्पर त्याच माणसाचं होतं. आणि तिलाही कुणी कधी अशा बांगड्या भरून दिल्या होत्या का, हा प्रश्न पहिल्यांदाच वसुधाच्या मनात आला. त्याचं उत्तर आज नको होतं. सुई मात्र तिथंच होती, जिथं मघाशी होती. ती कुठं जाणार नव्हती. घाटाचा रस्ता वसुधाच्या पायांना अजूनही दिसत होता.

"तू घेशील का आता?" गीतांजलीनं विचारलं. लहानपणी आई बाहेर निघाली की ती दारात उभी राहून याच आवाजात विचारायची, रात्री येशील का.

"माहीत नाही, बेटा," वसुधा म्हणाली. खोटं सांगावंसं तिला फार वाटलं. "मन तर तिकडंच ओढून राहिलं. पण मी जिवंत राहावं म्हणून तू चूप बसायचं, हे आजपासून बंद. मी मरायची ती मरीन. तुझा हात त्यांच्या हातात जाणार नाही."

फोन वाजला. अनसूयाबाई होत्या. त्यांचा आवाज मोठा होता, नेहमीसारखाच घाईचा. "झाल्या का भरून? लवकर या बाई दोघी. भय्यासाहेब येऊन बसले आहेत, नवरीचा हात पाहायचा म्हणतात, चुडा कसा दिसतो."

वसुधानं डोळे मिटले. मनगटावर पाच बोटं आली. तिनं ती येऊ दिली.

"बसवून ठेव त्यांना, आई," ती म्हणाली. "चहा कर. आम्ही येऊन राहिलो." आणि पलीकडून काही यायच्या आत तिनं फोन ठेवला.

अम्मानं उजव्या हाताचा चुडा तयार करून ठेवला होता. तिनं विचारलं, "पहना दूँ?" गीतांजलीनं आईकडे पाहिलं. वसुधानं वाकून बाकाखालची सुपारी उचलली, ब्लाउजपीस आणि हळदकुंकू अम्माच्या हातात दिलं, आणि रीतीप्रमाणे तिला वाकून नमस्कार केला.

"नहीं, अम्मा. ये हाथ ऐसे ही रहेगा."

"एक हाथ खाली लेके दुल्हन घर जाएगी?" अम्मा म्हणाली. "अरे, सब लोग पूछेंगे, ये क्या हुआ."

"पूछने दो," वसुधा म्हणाली. तिनं आपला सुजलेला पंजा पुढे केला आणि उपडा नाही, उताणा धरला. गीतांजलीनं आपला उजवा हात आपण होऊन त्यात ठेवला, आणि दोघी पायऱ्या उतरून रिक्षा पाहू लागल्या.